पावसाळ्याच्या मंदीत कोल्हापुरी चपलेचा छोटा कारखाना: उधारीचा माल, थेट ऑर्डर की पट्ट्यांचे काम?

कोल्हापुरी चपलेच्या धंद्याला जूनपासून नवरात्रापर्यंतचे महिने जड जातात. भिजलेला तळ फुगतो म्हणून गिऱ्हाईक पावसात ही चप्पल घेत नाही, आणि चामडे वाळायला ऊन मिळत नाही म्हणून कारागिराचा हातही मंदावतो. घरातल्या चार-पाच जणांवर चालणाऱ्या कारखान्यापुढे अशा वेळी तीन वाटा असतात: व्यापाऱ्यासाठी उधारीवर माल करत राहणे, ग्राहकाकडून थेट ऑर्डर घेऊन जोड बनवणे, किंवा त्याच चामड्यातून दुसऱ्या वस्तू करणे.

व्यापाऱ्याच्या कामात हात रिकामे राहत नाहीत आणि गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. चपलेच्या पट्ट्यांवर चामड्याची वेणी घालणाऱ्या बायकांची मजुरी चालू राहते, ही गोष्टही लहान नाही. मात्र पैसे दिवाळीनंतर येतात आणि तोवर चामड्यात घातलेली रक्कम अडकून पडते. माल घरातच थांबला तर आणखी वाईट. आमच्या घरी एका पावसाळ्यात साठ जोड पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून ठेवले होते. गणपतीनंतर खोके उघडले, तेव्हा पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरली होती. पट्ट्यांवरची बुरशी कापडाने पुसून गेली, पण वेणीच्या पेडांमधली निघेना, आणि अखेर त्या वेण्या उसवून नव्याने घालाव्या लागल्या. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याला दमट हवा सोसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात कर्ज काढून माल साठवण्याला माझा ठाम विरोध आहे.

थेट ऑर्डरीचा हिशेब वेगळा पडतो. समजा, एका जोडीला ४५० रुपयांचे सामान लागते, व्यापारी ७०० रुपये देतो आणि थेट ग्राहक १२०० रुपये देतो. व्यापाऱ्याला दहा जोड दिले तर आपले ४५०० रुपये गुंततात आणि काही महिन्यांनी २५०० रुपये सुटतात. थेट ग्राहकाचे चारच जोड झाले, पण निम्मी रक्कम आगाऊ घेतली, तर २४०० रुपये आधीच हातात येतात, त्यातून १८०० रुपयांचे सामान भागते आणि काम संपल्यावर ३००० रुपये उरतात. यातील अडचण मापाची आहे. कोल्हापुरी चप्पल वापराने सैल होते, त्यामुळे नुसत्या नंबरावर पाठवलेला जोड परत येण्याची भीती असते. ग्राहकाने दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ ओढावी आणि तो कागद टपालाने पाठवावा, ही जुनी रीत आजही सर्वांत खात्रीची आहे.

थेट ग्राहक चप्पल अस्सल आहे का, हेही विचारतो, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमधल्या कोल्हापुरीसारख्या सँडलवरून वाद झाल्यापासून हा प्रश्न अधिकच येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या अस्सल मालाची सरकारी ओळख, जीआय) मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. या मानांकनाचे बोधचिन्ह मालावर लावायचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंदणी करून घ्यावी.

तिसऱ्या वाटेबद्दल लोकांचा उत्साह मला थोडा घाईचा वाटतो. म्हशीचे जाड चामडे, रापी (चामडे कापायचे पाते) आणि आरी (भोक पाडायचा टोचा) एवढ्यावर कमरेचे पट्टे, किल्ल्यांचे पट्टे, कुत्र्याचे पट्टे उत्तम होतात. त्यांना नंबर नसतो आणि पावसातही ते विकले जातात. पाकिटे आणि बॅगा मात्र वेगळ्या कसबाच्या आहेत, कारण त्यांना पातळ चामडे, अस्तर, चेन आणि चांगले शिलाई मशीन लागते, आणि त्या बाजारात धारावीच्या भावाशी गाठ पडते. त्या भावात आपण टिकणार नाही.

ज्याच्याकडे दोन महिन्यांच्या घरखर्चाची सोय आहे, त्याने थेट ऑर्डरी धराव्यात आणि मधल्या दिवसांत पट्टे करावेत. ज्याच्याकडे ती नाही, त्याने व्यापारी तोडू नये. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी, ती मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुदत चुकवणाऱ्या व्यापाऱ्याला पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत ती रक्कम आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रार करण्यापर्यंत कोणी सहसा जात नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की बोलणी सोपी होतात.

पैसे लागणारच असतील तर कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांचा समावेश आहे. तिच्यात पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते आणि ते १८ महिन्यांत फेडायचे असते. हे पैसे अवजारांवर आणि बकलांवर घालावेत. चपलांचे चामडे नवरात्राच्या तोंडावर, ऊन पडू लागल्यावरच भरावे.