रंगीत तक्तेवाले सर आणि तक्ता न देणाऱ्या मॅडम: नऊ महिन्यांनंतर

हा अनुभव मी सहा महिन्यांपूर्वीच लिहिणार होतो, आणि तेव्हा नेमका उलटा लिहिला असता. दोघंही आहाराचा सल्ला देणारे; सरांना चार तारे, मॅडमना एक. आळस केला ते बरं झालं.

मला हायपोथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते; ती भर काढायला रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिनची गोळी. वजन हटेना म्हणून आधी सर धरले. ऑनलाइन, तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ. पैसे भरल्यावर दहा मिनिटांत चौदा पानांचा रंगीत तक्ता हजर. मी हिशोबी माणूस, फीला पानांनी भागून पाहिलं आणि खूश झालो. नवव्या पानावर मात्र "प्रिय" या शब्दापुढे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. बाईचं. तिचं वजन माझ्यापेक्षा एकोणीस किलोने कमी. मी कळवलं, तर सरांनी अंगठा पाठवला आणि तेच पान नाव बदलून परत पाठवलं. नाव बदललं, आकडे तिचेच. हे नववं पान माझ्या डोक्यातून आजही जात नाही. बायको म्हणते, आता सोड. कसं सोडू? पैसे माझ्या वजनाचे घेतले होते.

शिवाय सरांनी पाठवलेल्या लिंकवरून दोन गोष्टी घ्यायच्या होत्या: कॅल्शियम, आणि केसांसाठी बायोटिन नावाचं जीवनसत्त्व. एकावर एक मोफत होतं, म्हणून बायोटिनच्या दोन बाटल्या घेतल्या. "विसरू नये म्हणून सगळं सकाळच्या थायरॉइडच्या गोळीबरोबरच घ्या," हा सरांचा सल्ला. मला सोयीचा वाटला.

तीन महिन्यांनी वजन दोन किलो वाढलेलं, दिवसभर पेंग, पोट साफ नाही. रिपोर्ट मात्र म्हणतो टीएसएच ०.२ (गोळी जास्त झाली की हा आकडा खाली जातो, कमी पडली की वर), आणि फ्री टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, जास्त. म्हणजे थायरॉइडची गोळी जास्त होतेय. डॉक्टर म्हणाले, डोस कमी करू. त्यांनी चिठ्ठीही लिहिली. नवा डोस सुरू करायच्या आधी, निव्वळ वैतागून, मॅडमकडे गेलो.

मॅडमबद्दल पहिलं मत वाईट. "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा," असा निरोप. पन्नास मिनिटं नुसते प्रश्न, आणि हातात काय? अर्ध्या पानावर बॉलपेनने चार ओळी. तक्ता कुठाय विचारलं तर म्हणाल्या, "आधी वही आणा. दोन आठवडे जे खाल ते वेळेसकट लिहा. मग बघू." फीला अर्ध्या पानाने भागलं तर आकडा भयंकर आला. व्हॉट्सअॅपवर उत्तर देत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

पण त्या पन्नास मिनिटांतली दोन मिनिटं सांगण्यासारखी आहेत. पिशवीतून बायोटिनची बाटली काढून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल डोळ्यांजवळ नेलं. १० मिलिग्रॅम. "दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तुम्ही तीनशेपटीहून जास्त घेताय. रक्त दिलंत त्या सकाळीही घेतली होती?" घेतली होती. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड तपासण्यांची पद्धतच बायोटिनवर चालते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. मॅडमचा पुढचा प्रश्न, "थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियम किती वेळाने?" मी म्हटलं, एकाच घोटात. त्या काही बोलल्या नाहीत. चार ओळींतली पहिली ओळ लिहिली: चार तासांचं अंतर.

डोसबद्दल मी खोदून विचारलं, तर म्हणाल्या ते माझं काम नाही, आणि डॉक्टरांच्या नावे वेगळी चिठ्ठी दिली: बायोटिन बंद करून तपासणी पुन्हा करावी. तेव्हा मला ही जबाबदारी झटकणं वाटलं होतं. आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, टीएसएच ८.४. म्हणजे कॅल्शियम गोळीला अंगी लागू देत नव्हतं आणि बायोटिन ते झाकत होतं. डोस कमी केला असता तर मी आणखी पेंगत बसलो असतो. डॉक्टरांनी डोस आहे तोच ठेवला, दोन महिन्यांनी टीएसएच २.९.

सरांची पदवी मी नंतर तपासली, आधी तपासायला हवी होती. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आणि "सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट". ब्रिटनमध्ये "डाएटिशियन" हे बिरुद कायद्याने राखीव आहे, "न्यूट्रिशनिस्ट" कुणीही लावू शकतं. अमेरिकेत नोंदणीकृत डाएटिशियनच्या परीक्षेला बसायला २०२४ पासून पदव्युत्तर पदवी लागते. आणि प्रमाणपत्राचं म्हणाल, तर बेन गोल्डएकर या ब्रिटिश डॉक्टरने आपल्या मेलेल्या मांजरीच्या नावाने एका पोषण-सल्लागार संघटनेचं सदस्यत्व मिळवून दाखवलं होतं. मांजरीने निदान कुणाला बायोटिन विकलं नाही.

मॅडमचा नोंदणी क्रमांक त्यांच्या लेटरहेडवर होता. नोंदणीच्या यादीत टाकला, नाव निघालं. दोन मिनिटांचं काम.

सरांकडे उरलेले पैसे मागितले. "पॅकेज वापरलं गेलंय." सीलबंद दुसरी बाटली परत घ्या म्हटलं, तर मोफत वस्तू परत घेत नाहीत.

वजनाचं विचाराल तर नऊ महिन्यांत साडेचार किलो कमी, त्यातले सुरुवातीचे दोन सरांनी वाढवलेले. मॅडमना आता चार तारे. पाचवा व्हॉट्सअॅपसाठी कापला. परवा पुढची भेट आहे आणि वहीत सहा दिवस कोरे आहेत. आज रात्री आठवून भरून काढीन, पण मागच्या वेळी सगळं एकाच शाईत आहे म्हणून त्यांनी पकडलं होतं. दुसरं पेन शोधतोय.