मराठवाड्याच्या रस्त्यांवर स्ट्रीट ट्रिपल ७६५ आर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ आर ही मोटारसायकल मी दिवाळीच्या सुमारास घेतली. त्यानंतर हिवाळा, संपूर्ण उन्हाळा आणि पावसाळ्याचे पहिले आठवडे ती छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव याच पट्ट्यात चालवली. या वर्गातील गाड्यांवरचे लेखन बहुधा शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा सह्याद्रीच्या घाटात दोन दिवस चालवून केलेले असते. आपल्याकडे गाडी घेणाऱ्याला पडणारे प्रश्न निराळे असतात. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता, एप्रिल-मे महिन्यांतील बेचाळीस अंशांची दुपार, उसाच्या ट्रॉल्या, तालुक्याच्या गावी न मिळणारा टायर, यांपैकी कशाचेही उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

निवड करताना माझ्यासमोर तीन गाड्या होत्या. कावासाकी झेड ९०० मध्ये ९४८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे १२५ पीएस (अश्वशक्तीचे एकक) शक्ती आणि १७ लिटरची टाकी मिळते, परंतु तिचे वजन २१० किलोच्या पुढे जाते. डुकाटी मॉन्स्टरमध्ये तेव्हा ९३७ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि १११ पीएस होते. स्ट्रीट ट्रिपल आर मध्ये ७६५ सीसी, तीन सिलिंडर, इंजिनाच्या मिनिटाला ११,५०० फेऱ्यांना १२० पीएस, ९,५०० फेऱ्यांना ८० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढीचा जोर), १५ लिटरची टाकी आणि इंधनासह १८९ किलो वजन. कागदावर झेड ९०० चे पारडे जड दिसते, आणि ज्यांना सरळ महामार्गावर गिअर न बदलता मोठ्या टॉर्कवर गाडी ओढायची आहे त्यांना मी आजही तिचेच नाव सुचवीन. मी मात्र शक्तीचा आकडा निवडीतून बाजूला काढला. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कायदेशीर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. या वेगाला स्ट्रीट ट्रिपल सहाव्या गिअरमध्ये सुमारे चार हजार फेऱ्यांवर, म्हणजे तिच्या कमाल फेऱ्यांच्या निम्म्याच्याही बरीच खाली फिरत असते. शंभर पीएसच्या वरची कोणतीही गाडी घेतली तरी आपल्या रस्त्यांवर शक्ती उरतेच. त्या शक्तीला आवर घालणारे ब्रेक, ती जमिनीपर्यंत नेणारे सस्पेन्शन आणि हे सारे पेलणाऱ्या गाडीचे वजन यांत मात्र फरक पडतो, आणि तो रोज जाणवतो.

सस्पेन्शनबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठवाड्यासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. लांबून पाहिले तर रस्ता गुळगुळीत दिसतो, एकही खड्डा नसतो, पण ऐंशीच्या वेगाने गेल्यावर गाडी उचलते, बसते आणि पुन्हा उचलते. खड्डा दिसतो म्हणून तो चुकवता येतो, ही लाट चुकवता येत नाही. अशा ठिकाणी मऊ सस्पेन्शनची गाडी डोलत राहते, तर फार कडक सस्पेन्शनची गाडी चालकाला सीटवरून उडवते. स्ट्रीट ट्रिपल आर च्या पुढच्या शोवा फोर्कमध्ये आणि मागच्या मोनोशॉकमध्ये प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण), कम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (परत उसळण्याचा वेग) हे तिन्ही बदलता येतात, आणि ही सोय ट्रॅकवरच्या चालकापेक्षा पैठण किंवा गेवराईच्या रस्त्यावरच्या चालकाला अधिक उपयोगी पडते.

गाडी घेतल्यावर पहिले काम सॅग, म्हणजे चालक बसल्यावर सस्पेन्शन किती दबते ते, मोजण्याचे करावे. फोर्कच्या चकचकीत नळीला प्लास्टिकचा झिप टाय बांधून तो वर सीलपर्यंत सरकवायचा. जॅकेट, बूट, हेल्मेट असा नेहमीचा पूर्ण पेहराव करून सीटवर अलगद बसायचे, तोवर एकाने हँडल धरून गाडी उभी ठेवायची. त्यानंतर हळूच उतरून, चाक उचललेले असताना झिप टाय सीलपासून किती खाली गेला ते टेपने मोजायचे. पुढच्या सस्पेन्शनची एकूण चाल ११५ मिलिमीटर आहे. त्यापैकी साधारण एक तृतीयांश, म्हणजे पस्तीस-अडतीस मिलिमीटर, चालकाच्या वजनाने वापरली गेली तर रस्त्यासाठी ते योग्य असते. प्रीलोड असा बसवून घेतल्यावर मी कम्प्रेशन थोडे सैल केले आणि रिबाउंड कारखान्याच्या मापावरच ठेवले. यानंतर बीडच्या रस्त्यावर पुलांच्या सांध्यांवर बसणारा कोरडा धक्का बोथट झाला आणि लाटेवरून उतरताना पुढचे चाक हलके होण्याची भावना जवळपास नाहीशी झाली. या कामाला एक पैसाही लागत नाही. तरीही महागडी गाडी घेऊन अनेक जण ती वर्षानुवर्षे जशी आली तशीच चालवतात, याची मला खंत वाटते.

इंजिनाविषयी सांगायचे तर तीन सिलिंडरच्या रचनेत क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट होतो. दोन सिलिंडरच्या गाडीची कमी फेऱ्यांवरची ओढ आणि चार सिलिंडरच्या गाडीची वरच्या फेऱ्यांपर्यंत चढण्याची तयारी, या दोहोंचा बराचसा भाग तिच्यात एकत्र आला आहे. याच इंजिनाची शर्यतीसाठी घडवलेली आवृत्ती २०१९ पासून मोटो-२ या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत सर्व संघ वापरतात. शर्यतीचा वारसा असलेले इंजिन शहरात कुरकुर करील अशी शंका घेण्यापूर्वी मनात होती, पण क्रांती चौक ते सिडको या वाहतुकीत तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाने ते शांतपणे चालते.

या इंजिनाची खरी किंमत गाळप हंगामात कळते. दिवाळीनंतर मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. केज ते अंबाजोगाई या पट्ट्यात संध्याकाळी अशा ट्रॉल्यांची रांगच लागते. समोरून येणाऱ्या दोन वाहनांमध्ये थोडीच मोकळी जागा मिळते. तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांच्या पुढे फेऱ्या ठेवून थ्रॉटल उघडला की गाडी उसाची पूर्ण लांबी ओलांडून आपल्या बाजूला परत येते, आणि चालकाला विरुद्ध बाजूला घालवावा लागणारा वेळ निम्म्यावर येतो. शक्तीचा मला पटलेला उपयोग हाच आहे. मात्र त्यासाठी गिअर योग्य असावा लागतो. सहाव्या गिअरमध्ये साडेतीन हजारांवरून नुसता थ्रॉटल पिळून झेड ९०० इतकी ओढ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर वर-खाली दोन्हीकडे काम करतो, त्यामुळे गिअर खाली टाकण्याचा कंटाळा येत नाही.

ब्रेम्बोचे पुढचे ब्रेक, दोन ३१० मिलिमीटरच्या डिस्कसह, एका बोटाने वापरता येतात. गावाच्या वेशीवरचा न रंगवलेला गतिरोधक, रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन किंवा मका, अचानक आडवी येणारी म्हैस, हे सारे आपल्याकडे गृहीत धरूनच चालवावे लागते, आणि त्यातही वळणावर ब्रेक दाबण्याची वेळ अनेकदा येते. गाडी कललेली असताना एबीएस किती पकड सोडायची हे झुकाव मोजणाऱ्या संवेदकावरून ठरवते. माझ्या मते आपल्या भागात मोठी गाडी घेणाऱ्याने असे कॉर्नरिंग एबीएस नसलेल्या गाडीचा विचारच करू नये. पहिल्या पावसात शेतातून येणारे ट्रॅक्टर डांबरावर जो काळा चिखल सोडतात तो साबणासारखा निसरडा असतो. तिथे मी रेन मोड (शक्ती सौम्य करणारी पावसाची सेटिंग) लावतो आणि वेग तीस-चाळीसच्या वर नेत नाही, कारण त्या चिखलात कोणतेही इलेक्ट्रॉनिक साहाय्य टायरला पकड मिळवून देऊ शकत नाही.

उष्णतेचे स्पष्ट सांगितले पाहिजे. शंभर पीएसच्या वरची कोणतीही उघड्या इंजिनाची गाडी मे महिन्यात दुपारी शहरातून चालवली तर पंखा सुरू होतो आणि गरम हवा मांड्यांवर येते. सिग्नलवर तीन-चार मिनिटे थांबावे लागले तर इंजिन बंद करणे बरे. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला निघून दहाच्या आत मुक्कामी पोहोचण्याचा नियम पाळला. जाळीचे जॅकेट, त्याखाली घाम शोषणारा पूर्ण बाह्यांचा बनियन आणि मानेभोवती ओला रुमाल एवढे असले की हा प्रवास सुसह्य होतो. उन्हाच्या सबबीवर जॅकेट घरी ठेवणारे चालक दिसतात, त्यांना तसे करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. तापलेल्या डांबरावर त्वचा घासली गेल्यावर काय होते, हे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे.

पुढे फेअरिंग (वारा अडवणारे आवरण) नसल्यामुळे वारा सरळ छातीवर येतो. ऐंशी-नव्वदपर्यंत तो सुखद वाटतो, त्यापुढे मान थकते. एका अर्थी ही वेगमर्यादेची आपोआप मिळणारी आठवणच आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही, त्यामुळे ताशी शंभरच्या पुढे तासन् तास जाण्याची गरज आपल्याकडे फारशी उद्भवत नाही. गाडीचा खरा आनंद दौलताबादचा घाट चढून खुलताबाद आणि तिथून म्हैसमाळला जाताना मिळतो, तसेच मांजरसुंब्याच्या घाटात सकाळी ट्रकची रांग लागण्याआधी मिळतो. हँडल रुंद आहे, वजन पुढच्या चाकावर व्यवस्थित येते, आणि वळणात शिरताना गाडी नजरेच्या दिशेने वळते.

खर्चाबाबत दोन-तीन गोष्टी. ३५० सीसीच्या वरील मोटारसायकलींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो. आधी उपकरासह ३१ टक्के होता. महामार्गावर लिटरला अठरा ते वीस किलोमीटर मिळतात, शहरात त्याहून कमी. पेट्रोल पंपावर "किती पडते, भाऊ?" हा प्रश्न हमखास येतो आणि हे उत्तर ऐकून विचारणारा गप्प होतो. टाकी १५ लिटरची असल्यामुळे संभाजीनगरहून तुळजापूरला जाताना बीडलाच पेट्रोल भरून घ्यावे. परभणीकरांना तर हा खर्च आणखी जड जाईल, कारण मनमाडच्या डेपोतून इतक्या लांब इंधन आणावे लागत असल्याने तिथले पेट्रोल राज्यातील सर्वांत महाग दरांपैकी असते.

सर्व्हिसिंग मी पुण्यात करून घेतो, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. साखळीचे तेल-पाणी, हवेचा दाब, ब्रेक पॅडची तपासणी ही कामे घरीच शिकून घ्यावीत. टायरमध्ये थंड असताना पुढे ३४ आणि मागे ४२ पीएसआय हवा लागते. रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात सवयीने दोन्हीकडे सारखीच हवा भरली जाते, म्हणून स्वतःचा गेज आणि प्लग किट सीटखाली ठेवावे. ८२६ मिलिमीटर उंचीच्या सीटवर माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. ढाब्यासमोरच्या उतरत्या खडीवर गाडी वळवताना ते जपावे लागते. या वर्गातील गाड्यांची मागची सीट नावापुरतीच असते, तेव्हा सहकुटुंब प्रवासाचा विचार असणाऱ्याने दुसऱ्या प्रकारची गाडी पाहावी.

माझ्या मित्राकडे याच कंपनीची, चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी स्पीड ४०० आहे. ४० पीएस, १७६ किलो, आणि सुटे भाग व सेवा आपल्याच भागात. आम्ही दोघे बीडपर्यंत एकत्र जातो तेव्हा तो माझ्या आधी नाही, पण नंतरही पोहोचत नाही. रोज कामावर जायचे आणि महिन्यातून एकदा लांब जायचे असेल त्याने चारशेचीच गाडी घ्यावी, हे मी कोणालाही मनापासून सांगतो. घाटातल्या वळणांची ओढ असेल, सस्पेन्शन आणि ब्रेक यांतील बारकावे शिकण्याची आवड असेल आणि देखभालीसाठी दूर जाण्याची तयारी असेल, तरच ७६५ कडे वळावे.

सध्या प्रश्न मागच्या टायरचा आहे. आपले महामार्ग मैलोन् मैल सरळ असल्यामुळे १८०/५५ मापाचा टायर मधोमध सपाट होत चालला आहे. कडेला रबर भरपूर शिल्लक आहे, पण मधल्या सपाट भागाच्या कडेवरून गाडी कलते तेव्हा वळणात शिरताना किंचित अडखळल्यासारखे होते. हा टायर स्थानिक दुकानांत तयार मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागतो. या वेळी मधल्या पट्ट्यात कडक आणि कडांना मऊ रबर असलेला स्पोर्ट-टूरिंग प्रकारचा टायर मागवला आहे. तो बसल्यावर पुढची सॅग पुन्हा एकदा मोजून घेणार आहे.