दूध-झोपेच्या नोंदी ठेवणारं ॲप: नोंदवही ठेवा, वेळापत्रक बंद करा

लेक नऊ दिवसांची असताना हे ॲप फोनवर घेतलं, आता ती साडेपाच महिन्यांची आहे. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते या एकाच ॲपपुरतं नाही.

काम साधं आहे. पाजायला घेतलं की बटण दाबायचं, कुठली बाजू ते निवडायचं, बाळानं सोडलं की पुन्हा दाबायचं. झोप, शी-शू, बाटलीनं दिलं तर किती मिली, सगळं त्यात लिहिता येतं आणि नवऱ्याच्या फोनवरही तेच दिसतं. रात्री तीन वाजता, मघाशी डावीकडे पाजलं होतं की उजवीकडे, हे दोघांपैकी कुणालाच आठवत नसतं. तेव्हा याचा फार आधार वाटतो. एका हातानं चालतं, पडदा मंद होतो. इथपर्यंत पाचपैकी पाच.

तक्रार आहे ती ‘वेळापत्रक’ या भागाबद्दल. लेक तीन आठवड्यांची झाल्यावर ते आपोआप सुरू झालं. दर तीन तासांनी पाजा, मधे देऊ नका, म्हणजे बाळ पोटभर पिईल आणि बाराव्या आठवड्यापर्यंत रात्रभर झोपेल, असं त्यात लिहिलं होतं. वेळेआधी पाजलं की ती नोंद लाल व्हायची. मी चार दिवस ते पाळलं. संध्याकाळी सहानंतर ती मुठी चोखायची, मान वळवून तोंडानं शोधायची, आणि मी घड्याळ बघत तिला खांद्यावर घेऊन फिरायची. वेळ होईपर्यंत ती रडून इतकी दमायची की पाच मिनिटं ओढून पेंगायची. पोट भरलेलं नसायचंच, त्यामुळे तासाभरात पुन्हा जागी. मुठी चोखणं, तोंड शोधणं ही भुकेची खूण असते आणि रडू येतं ते सगळ्यात उशिरा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या चार संध्याकाळींचं मला अजून वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन केलं आणि ॲपमधला तक्ता नीट पाहिला. या वयाचं बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं, पण सारख्या अंतरानं पिईलच असं नाही. संध्याकाळी लागोपाठ मागणं अगदी नेहमीचं, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन वेळापत्रक बंद केलं, नोंदी चालू ठेवल्या. पंधरा दिवसांनी पट्ट्या एकाखाली एक पाहिल्या तेव्हा दिसलं की ज्या संध्याकाळी ती तीन-चारदा प्यायली, त्या रात्रीची पहिली झोप बहुतेक वेळा लांबली होती. सगळ्या बाळांचं असंच असेल असं मी म्हणत नाही. पण आमच्या लेकीचं आम्हाला कळलं, आणि ते याच ॲपमुळे कळलं.

झोपेच्या नोंदीतही एक खोच आहे. ती कुरकुरली, हातपाय हलवले की मी ‘जाग आली’ दाबायची आणि लगेच पाजायला घ्यायची. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी हलतीच असते: चेहरा वेडावाकडा होतो, आवाज येतात, डोळे मिटलेलेच असतात. म्हणजे कितीतरी वेळा मीच तिला झोपेतून उठवत होते. आता एखादं मिनिट थांबते. पुष्कळदा ती परत शांत होते. ॲपमध्ये याबद्दल एक ओळ जरी असती तरी माझ्या कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या.

आणि ते बाराव्या आठवड्याचं आश्वासन. तो आठवडा उलटला तेव्हा लेकीच्या नावापुढे ‘मागे आहे’ असं आलं. मी रडले होते. नंतर कॅनडातला 2018 सालचा एक अभ्यास वाचनात आला: 388 बाळांपैकी सहाव्या महिन्यात 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती, आणि वर्षाच्या बाळांतही 28 टक्के. दिवस-रात्रीचा फरक बाळाच्या अंगवळणी पडायलाच दोन-तीन महिने लागतात. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीला रात्रीचं पाजणं तोडलं तर आईचं दूधच कमी होण्याची भीती. घड्याळाचा हा आग्रह तसा जुनाच. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग शंभरेक वर्षांपूर्वी चार-चार तासांनीच पाजा, रात्री पाजू नका असं शिकवायचे. आजच्या ॲपनं तेच सांगावं याचा मला राग येतो.

गजराचा खरा उपयोग पहिल्या दोनेक आठवड्यांत आहे. जन्माचं वजन परत येईपर्यंत झोपाळू बाळाला उठवून पाजावं लागतं, तेव्हा तो जरूर लावा. वजन भरून आलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की सेटिंगमध्ये जाऊन गजर, वेळापत्रक आणि ‘मागे-पुढे’ची तुलना तिन्ही बंद करा. हे तिन्ही पर्याय ‘प्रोफाइल’च्या आत तिसऱ्या पानावर दडवलेले आहेत, त्याचा एक तारा कापते. न विचारता सुरू केल्याचा आणखी एक. पाचपैकी तीन.

लेक अजून रात्री दोनदा उठते. मी फक्त बाजूचं बटण दाबते आणि फोन पालथा ठेवते.