पीसीपार्टपिकरवर जुळवलेला पहिला संगणक : काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिला संगणक स्वतः जोडायचे ठरल्यावर सुट्या भागांची जुळणी मी पीसीपार्टपिकर या संकेतस्थळावर तपासली आणि खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात ते मुख्य पटल, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा पॉवर सप्लाय अशी ही साधी यादी होती. गेले काही महिने यंत्र रोज चालू असून त्याची तक्रार नाही, म्हणून येथे त्या तपासणीविषयीच लिहितो.

सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), रॅमची पिढी आणि विजेची गरज या तीन बाबतींत हे साधन भरवशाचे आहे. एएम४ सॉकेटच्या बोर्डासोबत एएम५ सॉकेटचा प्रोसेसर किंवा डीडीआर५ रॅम निवडली, की ते लगेच हटकते. प्रोसेसरचे ६५ आणि कार्डाचे १३२ वॅट पाहता ५५० वॅट पुरेसे आहेत, हेही तिथेच स्पष्ट झाले.

बायॉसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच प्रणालीच्या) बाबतीत मात्र ते सावधगिरीची सूचना देऊन थांबते, आणि त्याला इलाजही नाही. बी५५०चे बोर्ड जून २०२० मध्ये बाजारात आले, तर ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या खोक्यातल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखता येईलच असे नाही. यासाठी मी बायॉस फ्लॅशबॅकचे (बायॉस अद्ययावत करण्याचे) बटण असलेलाच बोर्ड निवडला होता, आणि ते बटण पहिल्याच दिवशी कामी आले. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करायचा, त्यात नव्या बायॉसची फाइल टाकून तिला माहितीपुस्तिकेत दिलेले नाव द्यायचे, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये तो लावायचा, बोर्डाला फक्त २४ पिनांची आणि ८ पिनांची वीजजोडणी द्यायची आणि दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचे. प्रोसेसर बसवलेला नसला तरी काही मिनिटांत काम होते. थोड्या स्वस्त बोर्डासाठी ही सोय सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढची माहिती मदरबोर्डाच्या पुस्तिकेतही पाहावी, आणि ती तिथे बहुधा बारीक अक्षरातल्या तळटिपांत असते. बी५५०च्या अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी बसवला, की साटाचे (हार्ड डिस्क जोडायचे) दोन पोर्ट बंद होतात. जुन्या हार्ड डिस्क जोडायच्या असल्याने मी ही ओळ आधी वाचली आणि त्या उरलेल्या पोर्टांवर घेतल्या. कॅबिनेटच्या दर्शनी टाइप-सी पोर्टचेही तसेच आहे : बोर्डावर त्यासाठीचा वेगळा हेडर (त्याची तार जोडायची जागा) नसेल, तर तो पोर्ट केवळ शोभेचा. शिवाय रॅम ३२०० मेगाहर्ट्झची असली, तरी बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सोय) सुरू करेपर्यंत ती बहुधा त्याहून कमी वेगाने चालते. हे न तपासता महागडी रॅम घेणारे लोक पाहून आश्चर्य वाटते.

आता ५६००च्या जागी रायझन ७ ५७००एक्स३डी प्रोसेसर बसवण्याचा विचार आहे. सॉकेट तोच असला, तरी हा प्रोसेसर १०५ वॅटचा आहे आणि त्याच्या खोक्यात कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) येत नाही. मनात असलेला टॉवर कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे कॅबिनेटची कमाल उंची आणि रॅमवरच्या धातूच्या पट्टीची उंची या दोन्ही गोष्टी मोजपट्टीने पाहूनच तो मागवणार आहे.