तुरीचे शेंडे खुडायचं बॅटरी यंत्र: पहिली खुडणी सोडून बाकीला घ्या

साडेतीन-चार फुटांचा पाइप, टोकाला १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्यावर दोन धारांचं पातं किंवा दात्यांची गोल चकती, मुठीपाशी बटण आणि फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडायची वायर. शेंडे खुडणी यंत्र म्हणून जे विकलं जातं ते एवढंच. स्टिकर निराळे, रंग निराळे, आत ऐवज तोच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या यंत्राचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुडणीला यंत्र चोख काम करतं. पहिल्या खुडणीला मात्र ते रानात नेऊच नये, आणि विकणारा नेमकं हेच सांगत नाही.

पहिली खुडणी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी येते. त्या वेळी तुरीची उंची कधीच सारखी नसते. एखादं झाड दीड फुटाचं, शेजारचं नांगी भरलेलं, म्हणजे न उगवलेल्या जागी मागाहून लावलेलं, जेमतेम वीतभर. पातं फिरतं एका पातळीत. मधली उंची धरून चाललात तर उंच झाडाचा अर्धा फूट जातो आणि बुटक्याला पातं लागतही नाही. काढायचा असतो फक्त कोवळा शेंडा, दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर. शेंड्यात तयार होणारं संजीवक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की आठ-दहा दिवसांत पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात. अर्धा फूट छाटला तर ज्या बेचक्यांतून फुटवे यायचे त्याच निम्म्या कमी होतात, आणि पानं गेल्यानं झाड वाढीतही मागं पडतं. पहिल्या वेळी शेंडा इतका कोवळा असतो की नखानं खुडता येतो. मर किंवा वांझ रोगाचं झाड दिसलं तर तेही त्याच फेरीत उपटून बाहेर काढता येतं. यंत्र धरलेल्या माणसाची नजर पात्यावर असते, झाडावर नसते.

दुसरी खुडणी ४५ ते ५० दिवसांची. आता बाजूचे फुटवे मुख्य खोडाच्या बरोबरीला आलेले असतात आणि ओळीला वरून एक सपाटी येते. इथं एका झाडाचे सात-आठ शेंडे हातानं शोधत बसणं म्हणजे वेळेचा धूर. पातं सपाटीच्या दोन इंच खाली धरायचं आणि न थांबता चालत राहायचं. तिसरी ६० ते ६५ दिवसांनी, तीही सगळ्या वाणांना नको. बीडीएन-७११ सारखा १५०-१५५ दिवसांत येणारा वाण असेल तर दोन खुडण्या पुरे. बीएसएमआर-७३६ सारख्या लांबणाऱ्या वाणाला तिसरी मानवते. आयसीपीएल-८७ ला फांद्यांच्या टोकांशीच झुपक्यानं फुलं येतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. जुलैच्या शेवटी पेरलेल्या तुरीलाही खुडणी नको, झाड पसरायला दिवसच उरत नाहीत. आणि कळी दिसली की यंत्र माळ्यावर.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सहा फुटांच्या ओळी असतील तर एका एकरात साधारण २,२०० मीटर ओळ भरते. चिखलातून ताशी दीड किलोमीटरनं चाललं तरी दीड तासात एकर उरकतो. चार फुटांवर ओळी असतील तर ३,३०० मीटर, म्हणजे सव्वादोन तास. सोयाबीनमध्ये तूर असेल तर सोयाबीन तुडवत चालावं लागतं, तिथं हा वेग विसरा.

आता बॅटरी. पंपात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची असते. मोटरनं ४ अँपिअर ओढले तर कागदावर दोन तास, पण लेड-ॲसिड बॅटरी असेल तर दीड तास धरा. पातं मंदावलं की थांबायचं. तसंच रेटत राहिलं तर बॅटरी तळाला जाते आणि दोन-चार वेळा असं झालं की ती चार्जच धरत नाही. घरी पंप असेल तर बिनबॅटरीचं यंत्र घ्या, पैसे वाचतात.

बिघाड सहसा वायरीपासून सुरू होतो. बरेच जण पंपाच्या चार्जिंगच्या भोकातून वीज घेतात. ती पिन एवढ्या ओढीसाठी नसते, तापते आणि वितळते. थेट बॅटरीच्या टोकांवरून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर काढा, मध्ये मोटरसायकलचा १० अँपिअरचा फ्यूज घाला. दुसरी कटकट नटाची. कंपनानं तो सैल होतो आणि पातं सुटून उडतं. आतून नायलॉनचं कडं असलेला नट टाका, आणि गार्ड नसलेलं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. डोळ्याला चष्मा आणि पायात बूट हवेतच. तिसरी गोष्ट, मोटरच्या जाळीत ओला पाला शिरतो. दर दोन-तीन ओळींनी झटकून टाका.

चकती की पातं? धारदार पातं. दात्यांची चकती खोड कापत नाही, फाडते. फाटलेल्या टोकाशी पाणी धरतं आणि तिथून बुरशी खाली उतरते. धार गेलेल्या पात्याचंही तेच, म्हणून एकराला एकदा कानस फिरवायची. पाऊस चालू असताना किंवा पानं ओली असताना खुडणी नको. वाफसा असावा, ऊन पडलेलं असावं. रान पाण्यानं चिबडलं असेल तर झाड आधीच मुळाशी गुदमरलेलं असतं. त्याला आठवडाभर सोडून द्या.

खुडणीमुळं झाड सहा-सात फुटांवर न जाता कमी उंचीत पसरतं. पुढं शेंगा पोखरणाऱ्या अळीची फवारणी करताना नोझल वरपर्यंत पोचतं, हा फायदा फुटव्यांइतकाच मोठा आहे. पण हलक्या, उघड्या माळरानावर तूर मुळातच कमरेएवढी राहते. अशा जमिनीवर, किंवा दोन फुटांच्या दाट ओळींत, पसरायला जागाच नसते. तिथं यंत्राचे पैसे निघत नाहीत. एक-दोन एकरवाल्यानं शेजाऱ्याचं मागून आणावं.

हंगाम संपला की पातं तेल लावून ठेवा आणि बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा. तशीच पडून राहिली तर पुढच्या जुलैत ती पंपही ओढणार नाही.