एमपीएससीसाठी टेलिग्रामवर ग्रुप स्टडी, दीड वर्षाचा अनुभव

पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन अभ्यासिकेत बसणं मला जमणारं नव्हतं, घर लातूरला आणि नोकरीही इथेच, त्यामुळे माझा सगळा ग्रुप स्टडी टेलिग्रामवर झालाय. अॅप चांगलंच आहे, पण त्यावर अभ्यास होतो की नुसता टाइमपास हे आपण कसं वापरतो त्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एका मोठ्या ग्रुपमध्ये होते, हजारोंनी माणसं. सकाळी उठलं की शेकडो मेसेज आणि पीडीएफचा ढीग, मी वाचत जायचे आणि वाटायचं झाला अभ्यास. एकदा कुणीतरी विचारलं राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या, विषय किती, मी आठवायला लागायच्या आत चौघांनी २९ टाकलं पण, मी मनात म्हटलं हो हो माहितीय. पुढच्याच आठवड्यात सराव पेपरला तोच प्रश्न आला आणि मी १८ ला गोल करून आले! १८ बाराव्या अनुसूचीतले, नगरपालिकांचे. दोन मार्क गेले ते गेले, वर निगेटिव्हचा अर्धा कापला. फार लागलं मनाला ते.

मग आम्ही पाच जणींनी वेगळा ग्रुप केला. रात्री ९ ला प्रश्न पडतो, प्रत्येकीने आधी वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग तेच टाइप करून सेंडचं बटण दाबून धरायचं आणि साडेनऊचं शेड्यूल लावायचं. साडेनऊला पाचही उत्तरं एकदम येतात, कुणाचं बघून लिहायचा प्रश्नच नाही, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते कारण प्रत्येकीला आपल्या उत्तराची बाजू मांडावी लागते.

टेलिग्रामचा क्विझ पोल, म्हणजे एकच बरोबर पर्याय असलेला प्रश्न, २०२० पासून आहे, तोही खूप कामाचा. पण मला सोडवण्यापेक्षा क्विझ बनवताना जास्त येतं, कारण चुकीचे पर्याय खरे वाटतील असे शोधायचे म्हणजे या दोन अनुसूची आणणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीच लागते, आणि स्पष्टीकरणाला २०० अक्षरंच मिळतात त्यामुळे नीट समजलेलं असेल तरच तेवढ्यात बसतं. चुकलेले प्रश्न मी सेव्हड मेसेजेसमध्ये (टेलिग्रामवर स्वतःसाठी जपून ठेवायची जागा) टाकते आणि रविवारी उत्तर झाकून परत सोडवते, हे कुणी काही म्हणो, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय.

मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, मात्र चॅट पुरत नाही. पेपर आता वर्णनात्मक आहेत, हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो टाकला की खाली अंगठे आणि "मस्त गं" येतं, त्याने काय सुधारणार? त्यासाठी आम्ही दोघी दोघी फोनवर बसतो, एक वाचते, दुसरी मुद्दे खोडते.

पाच जणींच्या ग्रुपसाठी माझ्याकडून पाच स्टार. मोठे ग्रुप मी म्यूट केलेत, फक्त परीक्षेच्या तारखा बघायला उघडते.