बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात की पुण्यात? दोन्हीकडं शिकल्यावर काय वाटतं

भाचीची बारावी झाली, बीएस्सी केमिस्ट्री करायची हे तिचं नक्की आहे पण कुठं यावरून घरात सरळ दोन गट पडलेत. ताईचं म्हणणं पुण्याला घाला, दाजी म्हणतात तालुक्यात कॉलेज असताना पोरीला बाहेर कशाला. दोघंही मलाच फोन करतात कारण मी बीएस्सी इथं अकोले तालुक्यात केली आणि एमएस्सी पुण्यात. (अकोले म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, विदर्भातलं अकोला नाही.) हाच प्रश्न आत्ता आपल्याकडं बऱ्याच घरात चालू असणार म्हणून जरा सविस्तर लिहितोय. फी, रूमभाडं, मेस यात शिरत नाही, त्याची चौकशी सगळ्यांनी आधीच केलेली असते.

आधी डिग्रीचं. पुणे, अहिल्यानगर, नाशिक तिन्ही जिल्ह्यांना विद्यापीठ एकच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, त्यामुळं संलग्न कॉलेज तालुक्याचं असो की पुण्यातलं, सिलॅबस तोच आणि सर्टिफिकेटही तेच. फरक पडतो तो फर्ग्युसनसारख्या स्वायत्त कॉलेजांचा, त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची. नवीन शैक्षणिक धोरणसुद्धा स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आलं आणि आपल्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला. स्वायत्त कॉलेजात मेरिटमध्ये नंबर लागत असेल तर तो वेगळा विचार आहे, मी खाली जे लिहितोय ते पुण्यातल्या बाकीच्या मोठ्या कॉलेजांबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बहुतेक पोरांचा नंबर तिथंच लागतो.

आता मुद्द्याचं. माझ्यासाठी सगळं ठरलं ते लॅबमध्ये.

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या बॅचला जेमतेम पंधरा-वीस पोरं, आणि प्रत्येकासमोर स्वतःचं बुरेट, म्हणजे द्रावण मापून सोडायची आकडे असलेली काचेची नळी. जुनं होतं, काहींचे आकडे पुसट झालेले, पण स्वतःचं. टायट्रेशन करताना डाव्या हातानं बुरेटचा कॉक (तोटी) धरायचा, उजव्या हातानं फ्लास्क हलवत राहायचा, शेवटी शेवटी थेंब थेंब सोडायचं, आणि एका थेंबात फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. गडद झालं की रीडिंग गेलं, परत पिपेट, परत पहिल्यापासून. तीन रीडिंग जुळून सीबीआर (कॉन्स्टंट बुरेट रीडिंग) आला नाही तर सर जर्नलवर सही करायचे नाहीत, मग तुमची पाचची एसटी गेली तरी चालेल. लाइट गेली तर डिस्टिल्ड वॉटर संपायचं तेव्हा लॅबचे मामा कॅनमधलं राखून ठेवलेलं मापून द्यायचे. ओळखायला दिलेलं सॉल्टसुद्धा प्रत्येकाला वेगळं, त्यामुळं शेजाऱ्याचं बघून लिहायची सोयच नव्हती. तेव्हा आम्ही वैतागायचो, कोतूळ-राजूरकडची पोरं तर जास्तच कारण त्यांची शेवटची गाडी लवकर असायची.

मग एमएस्सीला पुण्यात आलो, नाव मोठं, इमारत मोठी, लॅब बघून छाती दडपली. पहिल्याच आठवड्यात कळलं की चौघांचा एक ग्रुप आणि ग्रुपला एक सेट. ज्याला येतं तो करतो, दुसरा आकडा वाचतो, उरलेले दोघं लिहून घेतात, आणि चारही जर्नलमध्ये एकच रीडिंग. कलरीमीटरपुढं (रंगाची तीव्रता मोजायचं यंत्र) रांग. आपल्याला हात लावायला मिळावा म्हणून अर्धा तास आधी जाऊन टेबल धरायचं, हे मी दोन वर्षं केलं आणि दोन वर्षं मला त्याचा त्रास झाला, भांडण व्हायचं नाही पण रोजचं ते एक. कुणाचा दोष म्हणावा तर तसंही नाही, बॅचेस इतक्या असतात की सर लोक तरी काय करणार. पण माझ्या ग्रुपमधला एक मुलगा, चांगला हुशार, पुण्यातच बीएस्सी केलेला, त्यानं तीन वर्षांत सलग एक टायट्रेशन एकट्यानं केलेलं नव्हतं. माझा मावसभाऊ दुसऱ्या कॉलेजात बीएस्सीला होता, त्याच्याकडं दोघांत एक बुरेट. आता एकदोन कॉलेजांवरून अख्खं पुणं ठरत नाही हे मान्य, लहान बॅच असणारी कॉलेजं तिकडंही असतील, मी माझ्या अनुभवाचं सांगतोय.

याचा उपयोग काय झाला तेही सांगतो. एमएस्सीनंतर नाशिकच्या बाजूला एका औषध कंपनीत क्यूसीच्या (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाच्या) जागेसाठी इंटरव्ह्यू होता. प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी आम्हाला सरळ लॅबमध्ये नेलं आणि म्हणाले करून दाखवा. इंग्रजीत माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलणारी पोरं तिथं होती, पण बुरेट भरताना टोकात हवा राहिली का हे बघायची सवय दोघातिघांनाच होती. मला ती जागा मिळाली. हे शिक्षण मला तालुक्याच्या कॉलेजानं दिलं, पुण्यानं नाही.

तरी पुण्याच्या बाजूनं जे आहे ते आहेच, लपवायचं कारण नाही. एचपीएलसी मशीन (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) मी पहिल्यांदा पुण्यातच बघितलं. सेमिनारला बाहेरचे शास्त्रज्ञ येतात, शेजारच्या बाकावरचा पोरगा जॅमची (आयआयटीत एमएस्सीसाठीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करतोय म्हटल्यावर आपणही पुस्तक उघडतो. स्पर्धा परीक्षा करायची असेल तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आणि तिथलं वातावरण तालुक्याला मिळत नाही, आमच्या बॅचमधला एकजण आजही म्हणतो की तो बीएस्सीलाच पुण्यात गेला असता तर एमपीएससीची त्याची दोन वर्षं वाचली असती. इंग्रजीची भीती पण तिकडं लवकर मोडते.

आणि तालुक्याच्या कॉलेजात विषय कमी. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, फिजिक्स असतात पण मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, स्टॅटिस्टिक्स पाहिजे असेल तर बहुतेक ठिकाणी नसतंच किंवा विनाअनुदानित असतं. सगळ्यात मोठी अडचण शिक्षकांची. कायम प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि निम्मे तास सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर नेमलेल्या शिक्षकांवर, चालतात. सीएचबीचे सर मनापासून शिकवतात, माझा ऑरगॅनिकचा पाया अशाच एका सरांनी पक्का केला, पण मानधन तासावर आणि तेही वेळेवर नाही, मग त्यांना दुसरीकडं काही मिळालं की मधेच जातात आणि तो विषय तसाच लोंबकळतो. आमचं एक युनिट असंच राहिलं होतं. माझ्या मते या जागा भरणं हे सरकारचं काम आहे आणि त्याची किंमत पोरांनी मोजू नये, पण आज ॲडमिशन घेताना हे धरूनच चालावं लागतं.

एसटीचं मुलींच्या घरच्यांनी नीट बघा. अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास बारावीपर्यंतच, कॉलेजला गेल्यावर विद्यार्थी सवलतीचा पास काढावा लागतो, त्यात साधारण एक तृतीयांश भाडं भरायचं. म्हणजे पैशानं जड नाही, पण गाडी वेळेवर पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला तो पुढच्या एप्रिलपर्यंत मिटला नाही, आणि कोरोनानंतर कॉलेज नुकतंच उघडलेलं, त्या बॅचच्या पश्चिम पट्ट्यातल्या मुलींचे फार हाल झाले. तरीही माझ्या वर्गातल्या मुलींना विचाराल तर त्या वेगळं सांगतात. एक मैत्रीण आज शिक्षिका आहे, ती म्हणते तालुक्यात कॉलेज नसतं तर बारावीला आमचं लग्न होतं, पुणे की अकोले हा प्रश्नच आम्हाला कुणी विचारला नव्हता. घरून डबा घेऊन जायचं आणि संध्याकाळी घरी, एवढ्यावर घरच्यांनी हो म्हटलं. आमच्या वर्गात अशा मुली अर्ध्याच्या वर होत्या.

अजून एक गोष्ट तुलनेत कुणी धरत नाही ती म्हणजे आजूबाजूचा परिसर. बॉटनीवाल्यांची फील्ड व्हिजिट म्हणजे रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचं जंगल, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य दारात आहे आणि शहरातली कॉलेजं बस करून अभ्याससहलीला तिथंच येतात. २०२० ची पद्मश्री ज्यांना जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, भाताच्या आणि वालाच्या गावरान वाणांवर कुणाला प्रोजेक्ट करायचा तर बियाणं आणि ते पेरणारी माणसं इथंच आहेत. एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प पण जवळच्याच गावात असायचा, बंधारा घालायचा, रात्री गावकऱ्यांबरोबर बसायचं, त्या सात दिवसांत आमची लाजाळू पोरं स्टेजवर बोलायला शिकली.

मग भाचीला काय सांगितलं? तिला केमिस्ट्रीच करायची आहे आणि पुढं एमएस्सी पण करायचीये, तर बीएस्सीची तीन वर्षं इथं काढावीत असं मला वाटतं. हात बसायचं वय तेच असतं, आणि सर नावानं ओळखत असले की दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी विचारतात, घरी अडचण असली तर फी भरायला मुदत देतात. पुण्याची घाई नाही, एमएस्सीला जाताच येतं. पण तिला मायक्रोबायोलॉजी करायची असती किंवा स्पर्धा परीक्षा डोक्यात असती तर मीच बॅग भर म्हटलं असतं. चौथ्या वर्षाचं ऑनर्स करायचं असेल तर ते आपल्या कॉलेजला मिळालंय का हे आधीच विचारा, सगळीकडं नाहीये.

ॲडमिशनच्या आधी कॉलेजात गेलात तर ऑफिसात माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. प्रॅक्टिकल चालू असताना लॅबच्या दारात पाच-दहा मिनिटं उभं राहा आणि किती पोरांच्या हातात काचेचं सामान आहे आणि किती नुसती वही घेऊन उभी आहेत ते बघा, पुण्यातही बघा आणि तालुक्यातही. दुसरं, त्या विषयाचे कायम प्राध्यापक किती आणि सीएचबीवर किती हे थेट विचारा. केमिस्ट्रीला एकही कायम माणूस नसेल तर मग मी म्हणतोय ते लागू नाही, दुसरं कॉलेज बघा.

आणि इथं राहून पुढं एमएस्सीला चांगल्या ठिकाणी जायचं असेल तर तयारी एसवायपासूनच (दुसऱ्या वर्षापासून) धरा. विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला वेगळी एंट्रन्स असते, आयआयटीसाठी जॅम. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. पुण्यात हे कँटीनमध्ये बसून कळतं, आपल्याकडं टीवायच्या वर्गात कुणी सांगेलच असं नाही, तेव्हा तारीख स्वतः लक्षात ठेवून फॉर्म भरायचा.